तुझ्या नावाचा, माझा ईसीजी

वहिनी,

काल तुझं तेरावं झालं. पंगती उठल्या, भाड्याची पातेली परत गेली, आणि दादांनी तुझी ती निळी फाईल पुन्हा एकदा सगळ्यांसमोर उघडली. तुझ्या ऑफिसातल्या मैत्रिणी आल्या होत्या. त्यांना दादा ईसीजीचा कागद दाखवत होते. "बघा ना, दोन महिन्यांपूर्वीचा आहे. एकदम नॉर्मल. डॉक्टरने फिट म्हणून सही केलीय. आता कोणाला बोल लावायचा?" बायका हळहळल्या. मी त्यांना ताक देत होते. माझं लक्ष त्या कागदाकडे, एकीच्या पदरावर ताक सांडलं, आणि ती बिचारी उलट मलाच म्हणाली, "असू दे गं, तू तरी कुठे कुठे पुरणार."

त्या कागदावर नाव तुझं आहे, वय तुझं आहे, आणि आतलं काळीज माझं आहे. हे जगात दोघींनाच माहीत होतं. त्यातली तू गेलीस. आता मी एकटी उरलेय आणि मला भीती वाटतेय, वहिनी. रडायचं नंतर बघू. आधी मला भीती वाटतेय.

तुला 'तू' म्हणायला मी लागले ते आपण धावायला लागल्यावर. त्याआधी अठरा वर्षं 'अहो वहिनी'च होतीस. तू गिरगावची, फणसवाडीतली, विमा कंपनीत नोकरीला, शब्द न् शब्द नीट उच्चारणारी. मी लालबागची, घरात मालवणी, तोंड उघडलं की 'गो' आणि 'मेल्या'. लग्न होऊन परळच्या चाळीत तुमच्याकडे आले तेव्हा मला वाटलं, ही मोठी जाऊ मला येता-जाता शिकवणार. तू कधी आवाज चढवला नाहीस. "वैशाली, चहा टाकतेस का?" असं विचारायचीस, आणि तो प्रश्न नसायचा. मी चहा टाकायचे. हे मुद्दाम लिहितेय, कारण पुढे जे झालं ते त्याच सवयीने झालं. मी अंग काढून घेत नाहीये हां. नुसतं सांगतेय.

सुरुवात झाली दादांच्या शुगरने. डॉक्टरने रोज चालायला सांगितलं, आमच्या महेशने मोठ्या भावासाठी चांगले महागातले शूज आणले. दादा दोन दिवस गेले आणि तिसऱ्या दिवशी त्यांचा गुडघा दुखायला लागला, तो अजून दुखतोय. शूज पडून राहिले. "नवे शूज असे वाया घालवायचे?" म्हणत तूच दोन-दोन मोजे चढवून ते घातलेस आणि शिवाजी पार्कला चालायला निघालीस. वय वर्षं सत्तेचाळीस. पंधरा दिवसांनी घरी आलीस ती लालबुंद होऊन. कुत्रा मागे लागला होता म्हणालीस. मी हळद शोधायला धावले तर म्हणालीस, "चावला नाही गं. तो केव्हाच मागे राहिला होता. मलाच थांबावंसं वाटेना."

त्यानंतर तू थांबलीच नाहीस. मलाही ओढलंस. मी कसली धावतेय, सईच्या वेळचं बाळंतपण झाल्यापासून मी बससाठीही धावले नव्हते. पण तू म्हणालीस, "उद्यापासून येतेस का?" आणि तोही प्रश्न नव्हता.

आता घरातून दोघी एकदम सुटणार कशा? चाळ पाडून टॉवर झाला, दोन भावांना समोरासमोर दोन फ्लॅट मिळाले, तरी चूल आपण एकच ठेवली होती, तुझ्याकडे. सकाळी चार डबे. दादांचा बिनबटाट्याचा, महेशचा, सईचा शाळेचा, तुझ्या मानसीचा ऑफिसचा. मग तूच वार लावलेस. सोमवार, बुधवार, शुक्रवार तू धावायचं आणि मी डबे करायचे. मंगळ, गुरु, शनि मी धावायचं आणि तू डबे. रविवारी डब्यांना सुट्टी, म्हणून दोघी. जी धावायला जायची तिने आदल्या दिवशी भाजी चिरून आणि कणीक मळून ठेवायची. पहिले सहा महिने घरात कोणाला पत्ता नव्हता की दोघींपैकी एक बाई सकाळी गायब असते. फक्त महेश एकदा म्हणाला, "सोमवारी भाजी झणझणीत असते आणि मंगळवारी मिळमिळीत, हे काय गौडबंगाल आहे?" तू तोंडाला पदर लावून हसलीस. मिळमिळीत तुझी असायची, वहिनी. आता बोलायला हरकत नाही.

रविवारची धाव वरळी सी-फेसपर्यंत. तुझे पाय लांब, तू कायम वीस पावलं पुढे. मी मागून कोकलायचे, "अहो वहिनी, थांबा ना!" एकदा तू वळून म्हणालीस, "एवढी लांबलचक हाक मारण्यातच तुझा दम जातो. 'तू' म्हण आणि 'अहो' गाळ." मी म्हटलं, दादा काय म्हणतील. तू म्हणालीस, "दादा इथे आहेत का?" तेव्हापासून तू 'तू' झालीस, आधी फक्त रविवारी, मग रोज.

त्या रविवारांचे उपकार कसे फेडू? घरात आपण वीस वर्षं बोलत होतो ते काय, तर डाळ भिजत घातलीस का, सिलेंडर सांगितलास का. समुद्राच्या बाजूला तू एकदम वेगळंच बोलायचीस. तू क्लेमच्या टेबलावर होतीस, दिवसभर मेलेल्या माणसांचे कागद तपासायचीस. "दाखला बरोबर, सही बरोबर, की माणूस रीतसर मेला," म्हणायचीस. "दिवसभर हे वाचते मी, वैशाली. सकाळी तासभर तरी जिवंत माणसासारखा घाम येऊ दे." मला तेव्हा हसू आलं होतं. मी काय बोलणार, मी शाळेच्या ऑफिसात दाखले लिहिणारी.

तुझ्या माहेरचंही तिथेच कळलं. तुझे बाबा एक्कावन्नाव्या वर्षी फणसवाडीच्या जिन्यात बसले ते बसलेच, हातात भाजीची पिशवी तशीच. तुझा भाऊ चव्वेचाळीसला बॅडमिंटन खेळताना. मी घाबरून विचारलं, मग तू हे काय करतेयस? तर म्हणालीस, "आमच्याकडे पुरुषांचं होतं ते. बायका नव्वदीपर्यंत टुणटुणीत असतात. आमची आत्या बघ." मी बघितली होती तुझी आत्या, नव्वदीत श्रीखंडाच्या दोन वाट्या खाणारी. माझा विश्वास बसला. त्या आत्येने घात केला बघ आपला.

गेल्या पावसाळ्यानंतरच्या एका रविवारी सी-फेसच्या कठड्यावर तू अचानक बसलीस. ओठ पांढरेफटक. "डोळ्यांपुढे काळं आलं एकदम," म्हणालीस. पाच मिनिटांत बरी झालीस, नारळपाणी प्यायलीस, वर मलाच म्हणालीस, "असं बघू नकोस माझ्याकडे. उपाशी पोटी आलेय ना." महिन्याने पुन्हा तसंच, त्या वेळी तू केळं खाऊन आली होतीस. मी म्हटलं, वहिनी, दादांना सांगूया. तू माझं मनगट असं घट्ट धरलंस की वळ उठला. "घरी एक शब्द काढायचा नाही. काढलास तर उद्यापासून मी घरात. माझा भाऊ गेला तेव्हापासून दादा मला पिशवीसुद्धा उचलू देत नाहीत, धावायला कसंबसं हो म्हटलंय. मला एकदा एकवीस किलोमीटर धावू दे. एकदाच. मग तू म्हणशील तिथे तपासायला येते."

एकदाच, म्हणालीस. मी तोंडाला कुलूप लावलं.

मग तो फॉर्म. जानेवारीतल्या शर्यतीचा. पंचेचाळिशीपुढच्या नवख्यांना डॉक्टरचा दाखला हवा होता आणि त्याला ईसीजी जोडायचा होता; मी वयाने त्यात बसत नव्हते. आपल्या नाक्यावरच्या डॉक्टरांकडे जायची सोय नव्हती, ते दादांच्या वर्गातले. म्हणून आपण दादरला गेलो, एका जिन्यावरच्या छोट्या तपासणी केंद्रात, जिथे आपल्याला कोणी ओळखत नव्हतं. तू रीतसर पावती फाडलीस, तुझं नाव, तुझं वय. मी बाकावर तुझी पर्स सांभाळत बसले होते. आतून मुलीने हाक मारली, "ईसीजीवाल्या मॅडम कोण?" तू उठली नाहीस. माझ्याकडे बघितलंस. तुझ्या कपाळावर घाम होता, डिसेंबरात. आणि अगदी हळू, चहा टाकतेस का म्हणायचीस ना, त्याच आवाजात म्हणालीस, "वैशाली, तू झोपतेस का?"

मी उठले गो. मी उठले!

एक क्षण तरी थांबायला हवं होतं मी. विचारायला हवं होतं, वहिनी, तुला जर एवढी खात्री आहे की काही नाही, तर तू का नाही झोपत? तू घाबरली होतीस. तुला माहीत होतं, नक्की नाही तरी आतून माहीत होतं. आणि मलाही माहीत होतं की तुला माहीत आहे. तरी मी गेले, ब्लाऊजची बटणं सोडली, त्या मुलीने गार जेली लावली, मनगटांना चिमटे लावले. माझी छाती इतकी धडधडत होती की ती म्हणाली, "मॅडम, घाबरू नका, हात सैल सोडा, काही होत नाही." दोन मिनिटांत कागद बाहेर. खालच्या डॉक्टरने बघितला, छान आहे म्हणाला, सही केली. मग तू मला पियूष पाजलंस. दोघी इतक्या हसलो की पियूष नाकात गेलं. तू म्हणालीस, "तुझं काळीज उत्तम आहे हो, वैशाली. माझ्या नावावर शोभून दिसतं."

आपण काय केलं हे आपल्याला कळलंच नव्हतं, असं मला लिहायचं होतं. पण ते खरं नाही. कळलं होतं, म्हणून तर हसलो.

तू धावलीस. आपण दोघी धावलो. पेडर रोडच्या चढावर मी चालत होते आणि तू मागे वळून हात हलवून पुढे गेलीस. शेवटच्या रेघेपाशी माझी वाट बघत उभी होतीस, केस विस्कटलेले, गळ्यात पदक, आणि मी पोचल्या पोचल्या पहिलं काय बोललीस? "बघ! काय झालं का?" मला इतका राग आला. मी म्हटलं, उद्याच्या उद्या खरा काढायचा, तू शब्द दिलायस. तू म्हणालीस, रथसप्तमी होऊ दे, हळदीकुंकवाच्या बायका यायच्यात. रथसप्तमी झाली. मग म्हणालीस, ऑफिसात मार्च एंडिंगचं सुरू होतंय, ते होऊ दे. मी चिडून म्हटलं, मी दादांना सांगेन. तू म्हणालीस, "सांग. मग तू कशी झोपली होतीस तेही सांग." आणि लगेच माझ्या पाठीवर हात ठेवलास. "गंमत केली गं." ती गंमत नव्हती, वहिनी. तो वाद आपला अर्धाच राहिला. रोज भांडी विसळताना मी तो एकटी पुढे चालवते, आणि तू रोज जिंकतेस.

शनिवार होता. माझा धावायचा वार, तुझा डब्यांचा. मी साडेसहाला घामाघूम परत आले. तुझं दार नुसतं लोटलेलं, घरभर करपल्याचा वास. तू ओट्याखाली एका कुशीवर पडली होतीस, हात पिठाने भरलेले. तव्यावर चपातीचा कोळसा झाला होता. दादा आत झोपले होते, दहा फुटांवर. मानसी आंघोळीला गेली होती. मी आधी गॅस बंद केला. का कोणास ठाऊक, आधी गॅस, मग तू. तू गार नव्हतीस अजून. मी तुझ्या छातीवर दाबत राहिले, दाबत राहिले, आणि मनात एकच चाललं होतं, की मी समुद्रावर हवा खात होते आणि माझ्या वाटणीचे डबे करताना ही गेली. माझ्या वाटणीचेही नव्हते, तुझाच वार होता, पण तेव्हा डोकं कुठे ठिकाणावर होतं.

दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, आधी काही त्रास? चक्कर, दम, छातीत दुखणं? दादा म्हणाले, "छे हो! एकवीस किलोमीटर धावलीय गेल्या महिन्यात." मग माझ्याकडे बघितलं. "वैशाली, तू सोबत असायचीस. काही बोलली होती का?"

मी मान हलवली. नाही म्हणून.

डॉक्टरने माहेरचं विचारलं तेव्हा दादांनी तुझ्या बाबांचं आणि भावाचं सांगितलं. डॉक्टर गंभीर झाला. मुलीची तपासणी करून घ्या म्हणाला, हे घराण्यातून येऊ शकतं. आणि दादांनी महेशला घरी पिटाळून ती निळी फाईल मागवली. डॉक्टरने तुझा कागद, म्हणजे माझा, उजेडात धरून बघितला. "हा तर नॉर्मल आहे. मग आईकडून आलं असेल असं वाटत नाही. तरी एकदा सवडीने करून घ्या," म्हणाला. ते 'तरी' दादांनी ऐकलंच नाही. बाहेर येऊन म्हणाले, "पोरीची आई गेली, आता तिला मशीनखाली झोपवून घाबरवू? काही नको. आईचा रिपोर्ट चांगला आहे." मानसी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून उभी होती. त्या कागदाने तिच्यापुढे दार लावून घेतलं, आणि कडी माझ्या हातात होती.

आणि मी अजून बोललेले नाही. कशाला घाबरते, विचारशील. दादांना घाबरते. ते ओरडणार नाहीत, ते नुसते बघतील. महेशला घाबरते. चूल वेगळी होईल, वीस वर्षांचं घर फुटेल, लोक म्हणतील हिनेच मारली जावेला, आणि ते काय खोटं म्हणतील? स्वतःलाही घाबरते. तू गेल्यापासून धावले नाहीये. जिना चढताना छाती धडधडली की वाटतं, कागदांची अदलाबदल झाली तशी काळजांचीही झाली असेल. वेडी झालेय मी.

पण आज सकाळी जे झालं त्याने माझी पाचावर धारण बसलीय. लिफ्ट बंद होती. मानसी आणि मी अकरा मजले चढत होतो, हातात वाण्याच्या पिशव्या. सातव्या मजल्यावर ती थांबली. भिंतीला हात टेकला. ओठ पांढरे. आणि म्हणाली, "काकी, थांब ना. डोळ्यांपुढे काळं आलं एकदम."

तुझेच शब्द, वहिनी. शब्दसुद्धा तेच.

पाणी पाजलं, जरा बसवली. तर उठून म्हणते कशी, "रडून रडून अशक्तपणा आलाय. परवा रविवारपासून धावायला लागते म्हणजे बरं वाटेल. दोन मोजे घातले की आईचे शूज येतात मला." चोवीस वर्षांची पोर, आईसाठी धावणार आहे म्हणे. दादांच्या डोळ्यांत पाणी आलं ऐकून. त्यांनी तुझे शूज स्वतः पुसून दारात ठेवलेत.

रविवारच्या आत मला बोलायचंय. आज शुक्रवार. दुपारचे चार वाजलेत आणि मी शाळेच्या रजिस्टरच्या मागच्या पानांवर हे लिहितेय, कारण दुसऱ्या कोणाला सांगू?

*

वरचं लिहून दहा दिवस झाले. पुढचं आता लिहितेय.

शनिवारी जमलं नाही. स्वयंपाकघरातून तीन वेळा दादांसमोर गेले. एकदा चहा देऊन परत आले, एकदा पेपर देऊन. तिसऱ्यांदा दादांनीच विचारलं, "काय गं, काही हवंय का?" मी म्हटलं, नाही, सहज. भित्री ती भित्रीच.

रविवारी साडेपाचला समोरच्या दाराची कडी वाजली आणि मी गाऊनवरच बाहेर धावले. मानसी पायरीवर बसून लेस बांधत होती. एक पाय झाला होता, दुसरा व्हायचा होता. मी तिच्यासमोर खाली फरशीवर बसले आणि तिचा पाय धरला. ती हसली, "काकी, काय करतेयस?" दादा तोंडात ब्रश घेऊन दारात आले, लेक धावायला जातेय म्हणून निरोप द्यायला.

मी म्हटलं, "मानसी, फाईलमधला ईसीजी आईचा नाही."

"म्हणजे?"

"माझा आहे. आईच्या नावावर मी झोपले होते. तिला दोनदा चक्कर आली होती धावताना. मला माहीत होतं."

वरच्या मजल्यावर कोणाचा तरी कुकर शिट्टी मारत होता. दादा आत गेले, चूळ भरल्याचा आवाज आला, सावकाश, नेहमीसारखा. परत आले आणि एकच विचारलं, "हे कोणाच्या सांगण्यावरून?"

वहिनी, तुझं नाव ओठांवर आलं होतं. खरं सांगते, आलं होतं. तू भूत होऊन माझ्या मानेवर बसली असतीस तरी मी ते नाव घेतलं असतं, इतकी घाबरले होते. पण मीच उठून आत गेले होते ना, माझ्या पायांनी. मी म्हटलं, "दोघींनी केलं."

त्यांनी आत जाऊन निळी फाईल आणली. कागद काढला, बराच वेळ बघत राहिले, त्या वरखाली रेघांवर बोट फिरवत राहिले. तेरा दिवस तोच कागद सगळ्यांना दाखवला होता त्यांनी, त्याच्याच आधाराने उभे होते. मग माझ्याकडे धरला. "घेऊन जा," म्हणाले. "तुझा आहे."

मानसी ओरडली. मी तिला एवढं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. पंधरा दिवस तू गप्प बसलीस? मी काल निघाले असते तर? आज तुला जाग आली नसती तर? प्रत्येक प्रश्न बरोबर होता. महेशही बाहेर आला, त्याने डोक्याला हात लावला, "अक्कल गहाण ठेवली होती का गो तुम्ही दोघींनी?" म्हणाला, आणि मग तोच आधी भानावर आला. मानसीच्या पायातला शूज त्याने काढला आणि सोमवारची वेळ घ्यायला फोन शोधायला गेला.

तेव्हापासून चूल वेगळी झालीय. कोणी तसं बोललं नाही. मी सोमवारी सकाळी डबे करायला गेले तर दार आतून बंद होतं. मग मी माझ्या ओट्यावर चार डबे केले, त्या गॅसवर आजवर फक्त चहा व्हायचा. दोन डबे महेशच्या हाती समोर पाठवले. रिकामे परत आले, घासलेले. दादा माझ्याशी बोलत नव्हते. लिफ्टमध्ये भेटले की ते जिन्याने जायचे, गुडघा दुखत असताना.

हृदयाच्या डॉक्टरकडे मी सोबत गेले. मानसीने नको म्हटलं नाही, चल म्हणाली असंही नाही. डॉक्टरला मी सगळं सांगितलं, स्वतःच्या तोंडाने, तुला दोनदा आलेली चक्कर, दादरचं केंद्र, सगळं. त्याने पेन खाली ठेवलं. "हे आधी सांगायला हवं होतंत," म्हणाला. मी हो म्हटलं. मग म्हणाला, "पण सांगितलंत ते बरं केलंत." ईसीजी झाला, सोनोग्राफीसारखं मशीन छातीवर फिरवून झालं. बाहेर बाकावर मी हात घट्ट धरून बसले होते आणि देवाकडे काय मागावं तेच कळत नव्हतं. चांगला येऊ दे म्हणायचं? एका चांगल्या रिपोर्टने आपलं काय केलं ते बघितलं होतं मी. शेवटी म्हटलं, खरा येऊ दे. जो असेल तो खरा येऊ दे.

खरा आला. वाईट आहे, वहिनी. तिच्या हृदयाची भिंत जाड झालीय. तुझीही तशीच असणार, डॉक्टर म्हणाला, तुझ्या बाबांची, भावाची. पुरुषांचं वगैरे काही नसतं. आत्या नशीबवान, बाकी काही नाही. पण मानसीचं वेळेत सापडलंय. रोज गोळी, धावणं बंद, जड उचलायचं नाही, पुढे लागलंच तर छातीत एक यंत्र बसवतात. नोकरी करेल, लग्न करेल, म्हातारी होईल असं म्हणाला. म्हातारी हा शब्द त्याने वापरला. मी तिथेच रडले. तू गेल्यापासून पहिल्यांदा मी नुसती रडले, न घाबरता. मानसीने रुमाल दिला, माझ्याकडे न बघता. पण दिला.

तू दिलेलं मी विसरणार नाही. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी तू मला पाय दिलेस, 'तू' म्हणायला दिलंस. आणि तू मागितलंस ते मी द्यायला नको होतं. या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या आहेत, त्यांची मला मोट बांधता येत नाही. तुझ्यावर रागावलेय मी. खूप. तू समोर असतीस तर आज पहिल्यांदा तुला उलटून बोलले असते, आणि मग चहा टाकला असता. भीती अजून आहेच. फक्त आता ती मी एकटी वागवत नाही, समोरच्या घरातही तिचं नाव सगळ्यांना माहीत आहे.

आज संध्याकाळी गोळ्या आल्या. मी भात टाकत होते. दारावर टकटक झाली, उघडलं तर दादा. हातात गोळ्यांची पट्टी, चष्मा कपाळावर. आठ दिवसांनी ते माझ्यासमोर उभे होते आणि नजर माझ्या मागच्या भिंतीवर.

"ही जेवणाआधी द्यायची की जेवणानंतर?" त्यांनी विचारलं.

"जेवणानंतर," मी म्हटलं.

ते तिथेच उभे राहिले. मग म्हणाले, "तूच येऊन दे."